तंगूस, पाण्याचा कॅन आणि स्ट्रिंग थिअरी: घरच्या घरी सुरुवात कशी करायची

मालवणच्या बाजारात माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. हल्ली रेडिओ कमी, मिक्सर आणि भजनी मंडळांचे अ‍ॅम्प्लिफायर जास्त. शिक्षण आयटीआयचं, पण भौतिकशास्त्राचं काही हाती लागलं की वाचायचं ही खोड जुनी.

गेल्या मे महिन्यात शेजारच्या तांडेलाचा मुलगा मोबाइल घेऊन दुकानात आला. नुकताच अकरावीला गेलेला. "काका, ती स्ट्रिंग थिअरी म्हणजे नेमकी काय असता?" आम्ही दोघांनी मिळून बारा मिनिटांचा व्हिडिओ बघितला. काळ्या पडद्यावर रंगीत वेटोळी नाचत होती, मागे गंभीर संगीत. शेवटी कळलं ते एवढंच की सगळं जग बारीक तारांचं आहे. हे ऐकून माणूस "अरे वा" म्हणतो आणि चहा सांगतो. समजत काहीच नाही.

मग पावसात होड्या वर ओढल्या गेल्या, त्यालाही वेळ आणि मलाही. दोन महिने संध्याकाळी आम्ही हे हाताने करून बघितलं. ज्याला कुणाला मुलांबरोबर किंवा एकट्याने करायचं असेल त्याच्यासाठी आमची पद्धत इथे लिहून ठेवतो.

सामान आधी सांगतो. जुना स्पीकर (कागद फाटका चालेल, कॉइल शाबूत हवी), होकायंत्र, दीड व्होल्टचा सेल, हातभर तांब्याची वायर, मल्टिमीटर, मीडियम वेव्ह लागणारा कसलाही रेडिओ आणि गॅसचा चटचट करणारा लायटर. पुढच्या भागाला सव्वा मीटर लांबीची फळी, ०.६ मिलिमीटर जाडीचा दोन-अडीच मीटर तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा दोरा), पाच लिटरचा रिकामा कॅन, थोडे रबरबँड, एक बाटली आणि सुंभाचा तुकडा. कॅन डिझेलचा असेल तर साबणाने धुऊन घ्या. आम्ही धुतला नव्हता. घरात चार दिवस वास राहिला आणि बोलणी मी खाल्ली.

तारेकडे लगेच जाऊ नका. सगळे तिथेच चुकतात. तार आली कशासाठी हे माहीत नसेल तर ती नुसती गोष्ट होते. म्हणून पहिले तीन प्रयोग विजेचे.

होकायंत्र टेबलावर ठेवा. सुई जशी उत्तर-दक्षिण आहे, तशीच तिच्यावरून वायर धरा आणि वायरची टोकं क्षणभर सेलला टेकवा. जास्त वेळ धरू नका, सेल तापतो. सुई वळते. १८२० साली डेन्मार्कच्या अर्स्टेडने हेच बघितलं, तोवर वीज आणि चुंबक ही दोन वेगळी खाती होती. आता उलट करा. स्पीकरच्या दोन टोकांना मल्टिमीटर लावा, तो मिलिव्होल्टवर ठेवा आणि कागद बोटाने हलकेच दाबा. आकडा उडतो. चुंबकाजवळ कॉइल हलली, वीज झाली. हे फॅरडेचं, १८३१ सालचं. आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत असतं की स्पीकर उलटा जोडला तर माइक होतो, पण त्यामागे एवढा मोठा माणूस उभा आहे हे मला फार उशिरा कळलं.

तिसरा प्रयोग पोरांना सर्वांत आवडतो. रेडिओ दोन स्टेशनांच्या मधे लावा, नुसती खरखर ऐकू यायला हवी. आता हातभर अंतरावर लायटर चटकवा. प्रत्येक ठिणगीला रेडिओत 'कट' वाजतं. मधे वायर नाही. मॅक्सवेलने १८६५ साली विजेचे आणि चुंबकाचे नियम एकाच मांडणीत बसवले, तर त्या मांडणीतून एक लाट बाहेर पडली. विजेच्या आणि चुंबकाच्या मोजमापांतून तिचा वेग काढला तर तो सेकंदाला तीन लाख किलोमीटरच्या आसपास आला, म्हणजे प्रकाशाचाच. प्रकाशाला कुणी हातसुद्धा लावला नव्हता! पुढे १८८७-८८ मध्ये हर्ट्झने ठिणग्या पाडून ती लाट पकडून दाखवली.

एकीकरण म्हणतात ते हे. दोन वह्या वेगळ्या लिहीत होतो, बेरीज करायला बसलो तर दुकान एकच निघालं. न्यूटनने १६८७ मध्ये माडावरून पडणारा नारळ आणि आभाळातला चंद्र एका नियमात आणला (त्याच्याकडे नारळ नव्हता, सफरचंदावर भागवलं). मॅक्सवेलने वीज, चुंबक आणि प्रकाश एक केले. विसाव्या शतकात ग्लॅशो, सलाम आणि वाइनबर्ग यांनी विद्युतचुंबकी बल आणि किरणोत्सर्गात दिसणारं दुर्बल बल एका मांडणीत आणलं. १९७९ चं नोबेल त्यांना मिळालं आणि १९८३ मध्ये सर्नमध्ये (जिनिव्हाजवळची कणांवर प्रयोग करणारी प्रयोगशाळा) त्या मांडणीने सांगितलेले डब्ल्यू आणि झेड हे कण सापडलेसुद्धा. अणूचं केंद्रक बांधून ठेवणारं प्रबळ बल त्याच भाषेत लिहिता येतं. चार बलांपैकी तीन एका पंगतीला बसली.

चौथं बसेना, ते म्हणजे गुरुत्वाकर्षण. एक टाचणी जमिनीवर टाका आणि स्पीकरच्या चुंबकाने उचला. खाली अख्खी पृथ्वी ओढते आहे, वर मूठभर चुंबक आहे, तरी चुंबक जिंकतो. दोन प्रोटॉन घेतले तर त्यांच्यातलं विजेचं बल गुरुत्वाकर्षणाच्या एकावर ३६ शून्यं इतकं पट आहे. पण अशक्तपणा ही खरी अडचण नाही. आइन्स्टाइनने १९१५ मध्ये गुरुत्वाकर्षण म्हणजे स्थळकाळाचं वाकणं असं सांगितलं, आणि ते गणित फार सुंदर चालतं. बाकीची तीन बलं पुंजयांत्रिकीच्या (क्वांटम मेकॅनिक्सच्या) नियमांनी चालतात. तेच नियम गुरुत्वाकर्षणाला लावायला गेलं की उत्तर अनंत येतं. कण म्हणजे बिंदू धरला, दोन बिंदू एकमेकांजवळ आणले, अंतर शून्य झालं, की भागाकार फुटतो. मल्टिमीटरवर 'ओएल' (मोजमापाबाहेर) यावं तसं. आइन्स्टाइन १९५५ मध्ये वारला, आयुष्याची शेवटची तीसेक वर्षं तो एकीकरणाच्या मागे होता आणि त्याला ते जमलं नाही.

आता तारेला जागा झाली. बिंदूऐवजी लांबी असलेली वस्तू घेतली तर टक्कर एका टिंबावर होत नाही, पसरते, आणि ते अनंत उत्तर टळतं.

फळी घ्या. एका टोकाला खिळा ठोका, तंगूस त्याला बांधा, फळीवर ताणून दुसऱ्या टोकाबाहेर सोडा आणि तिथे कॅन लटकवा. तंगुसाखाली दोन ठिकाणी बॉलपेन आडवी सरकवा, बरोबर १०० सेंटिमीटर अंतरावर. फळी पत्र्याच्या डब्यावर किंवा रिकाम्या खोक्यावर ठेवलीत तर आवाज मोठा येतो. कॅनमध्ये एक लिटर पाणी घाला आणि छेडा. जाडसर, खालचा सूर येतो. तो कानात धरून ठेवा. आता चार लिटर करा. ताण जवळपास चौपट झाला (रिकाम्या कॅनचं वजन सोडून), सूर जवळपास दुप्पट, म्हणजे वरच्या सप्तकातला तोच सा. आमच्याकडे पखवाज वाजवणारे एक काका बसले होते, ते न सांगता म्हणाले, "ह्यो वरचो सा."

पुढचं जरा सावकाश करा, सगळी गंमत इथे आहे. पातळ कागदाचे नखाएवढे तुकडे कापा, मधे दुमडून उलट्या व्हीसारखे तंगुसावर घोड्यासारखे बसवा. एक ६६ सेंटिमीटरवर, एक ५० वर, एक ८३ वर. डाव्या हाताच्या बोटाने ३३ सेंटिमीटरवर तंगुसाला नुसता स्पर्श करा, दाबू नका, आणि डावीकडचा छोटा भाग छेडा. ५० वरचा आणि ८३ वरचा घोडा उडून पडतो. ६६ वरचा जागचा हलत नाही. बोटाच्या पलीकडे तुम्ही हातसुद्धा लावला नव्हता, तरी तंगुसाने स्वतःला तीन सारख्या भागांत वाटून घेतलं आणि ६६ वर गाठ पडली. मुलगा हे बघून दहा मिनिटं गप्प होता. मग त्याने स्वतःच विचारलं, "अडीच भाग करून बघूया?" बघितलं. ४० वर बोट ठेवलं. अडीच भाग होत नाहीत. आवाज बद्द येतो, लगेच मरतो, नीट ऐकलं तर त्यात पाच भागांचा बारीक सूर सापडतो. एक, दोन, तीन, चार. मधलं काही नाही.

दोन्ही टोकं धरलेल्या तारेला मोजकेच सूर परवडतात, एवढं हाताला कळलं की स्ट्रिंग थिअरीची मूळ कल्पना एका वाक्याची उरते: मूलभूत वस्तू एकच, तार, आणि आपण ज्यांना वेगवेगळे कण म्हणतो ते तिचे वेगवेगळे सूर.

आता तंगूस विसरायला शिका. उपमा कुठे संपते हे जो सांगत नाही त्याच्याकडून काही शिकू नये, असं माझं मत आहे. आपला तंगूस नायलॉनचा आहे आणि नायलॉन अणूंचं. ती तार कशाचीच नाही, तिच्या आत दुसरं काही नाही. आपला ताण आपण पाणी ओतून बदलला, तिचा ताण निसर्गाने ठरवलेला. आपला वरचा सूर कानाला वरचा लागतो, तिचा वरचा सूर म्हणजे जास्त ऊर्जा, आणि आइन्स्टाइनच्या हिशेबाने ऊर्जा म्हणजे वस्तुमान. इथे व्हिडिओवाले एक गफलत करतात. इलेक्ट्रॉन म्हणजे सा, क्वार्क म्हणजे रे, असं चित्र रंगवतात. नेहमीच्या मांडणीत आपल्या ओळखीचे सगळे कण सर्वांत खालच्या, वस्तुमान नसलेल्या सुरांतून यायचे असतात. त्यांना जे थोडं वस्तुमान मिळतं ते नंतर, दुसऱ्या वाटेने. तारेची पुढची पायरीच इतकी जड की ती कुठल्या यंत्राच्या आवाक्यात नाही.

आकाराचा अंदाज हवा? तार प्लांक लांबीच्या (अर्थ असलेली सर्वांत लहान मानली जाणारी लांबी) आसपास असावी असं सहसा धरतात. तेवढी लांबी फुगवून वाळूच्या अर्ध्या मिलिमीटरच्या कणाएवढी केली, तर त्याच हिशेबात एक प्रोटॉन पाच प्रकाशवर्षांहून रुंद होईल. सूर्याच्या सर्वांत जवळचा तारा त्याहून अलीकडे आहे.

आता रबरबँड घ्या. तंगुसाला दोन टोकं आहेत, रबरबँडला नाहीत. तारही दोन तऱ्हेची असू शकते, उघडी आणि बंद. उघड्या तारेची दोन टोकं कधीतरी जुळणारच, म्हणून उघडी तार मानली की बंद तार आपोआप मानावी लागते. आणि या बंद तारेतच ती गोष्ट आहे, जिच्यामुळे मी या विषयाच्या प्रेमात पडलो.

आधी माझी एक फजिती सांगतो. एका देवळाचा अ‍ॅम्प्लिफायर माझ्याकडे आला. तक्रार अशी की भजन थांबलं की आत कुणीतरी कुजबुजतं. मी कपॅसिटर बदलले, व्हॉल्यूमचा पॉट बदलला, दोन दिवस घालवले, कुजबुज जाईना. तिसऱ्या रात्री सामसूम झाल्यावर कान लावला तर कोकणी बातम्या! माइकच्या लांबलचक वायरचं शिल्ड तुटलं होतं, ती वायर एरियल झाली होती आणि पणजी आकाशवाणी आत शिरली होती. मी ज्याला बिघाड म्हणून काढायला बघत होतो ते अख्खं स्टेशन होतं.

१९६८ मध्ये सर्नमध्ये काम करणारा व्हेनेझियानो प्रबळ बलाच्या टकरींचं कोडं सोडवत होता. त्याला ऑयलरचं दोनशे वर्षांपूर्वीचं एक सूत्र बरोबर लागू पडताना दिसलं. १९७० च्या सुमारास नांबू, नील्सन आणि ससकिंड यांनी ओळखलं की हे सूत्र कंप पावणाऱ्या तारेचं आहे. पण त्या गणितात एक नको असलेला कण सारखा यायचा, वस्तुमान शून्य आणि फिरकी (स्पिन, कणाचा अंगचा एक गुण) दोन. प्रबळ बलात असा कण नाही. लोकांनी तो काढायचे प्रयत्न केले, निघेना. तोवर प्रबळ बलाला दुसरी, चांगली मांडणी मिळाली आणि तार अडगळीत गेली. १९७४ मध्ये शेर्क आणि श्वार्त्झ यांनी, आणि जपानमध्ये योनेया याने स्वतंत्रपणे, सांगितलं की अरे, वस्तुमान शून्य आणि फिरकी दोन ही तर गुरुत्वाकर्षणाच्या दूताची, म्हणजे ते बल वाहून नेणाऱ्या कणाची, खूण. ज्या पाहुण्याला सगळे पंगतीला बोलवत होते आणि जो येत नव्हता, तो इथे न बोलावता येऊन बसला होता. दहा वर्षं फार कुणी लक्ष दिलं नाही. १९८४ मध्ये ग्रीन आणि श्वार्त्झ यांनी गणितातली एक मोठी विसंगती आपोआप कटते हे दाखवलं आणि मग जगभरचे लोक तुटून पडले.

दहा मितींचं काय, हा प्रश्न आता येणारच. आमच्या जेटीवर उभे राहा. लांब नांगरलेल्या होडीचा दोर बघा. इथून ती रेघ आहे, पुढे किंवा मागे एवढंच. आता हातातल्या सुंभावर मुंगी सोडा. ती पुढे-मागे जाते तशी सुंभाभोवती गोलही फिरते. दुसरी मिती तिथे होतीच, बारीक होती म्हणून लांबून दिसली नाही. कालुझाने १९२१ मध्ये आइन्स्टाइनच्या गणितात एक जादा मिती घातली तर त्यातून मॅक्सवेलची वीज बाहेर पडली, आणि १९२६ मध्ये क्लाइनने सांगितलं की ती मिती गुंडाळलेली असेल तर दिसणार नाही. तारेचं गणित एकूण दहा मितींतच सुसंगत राहतं. आपल्या चार, काळासकट, आणि सहा गुंडाळलेल्या. का दहाच, हे हाताने दाखवता येत नाही. मी प्रयत्न सोडून दिला, तुम्हीही सोडा.

बाटलीवर रबरबँड चढवून मात्र एक गोष्ट दिसते. बिंदू बाटलीभोवती फिरू शकतो, गुंडाळून बसू शकत नाही. तार दोन्ही करते. बाटली जाड, तर गुंडाळून बसायला ताण जास्त, म्हणजे ऊर्जा जास्त. फिरण्याचं उलट: पुंज नियमांप्रमाणे वर्तुळ जितकं लहान तितकी फिरण्याची ऊर्जा जास्त. एक खर्च वाढतो तेव्हा दुसरा घटतो, आणि शेवटी एका ठरावीक लांबीच्या अलीकडची लहान मिती आणि पलीकडची मोठी मिती यांतला फरक तारेला कळतच नाही.

पुढचा इतिहास पटकन. १९८५ पर्यंत पाच वेगवेगळ्या स्ट्रिंग थिअरी झाल्या होत्या. एकीकरण करायला निघालेल्यांची ही शोभा. १९९५ मध्ये विटनने दाखवलं की पाचही एकाच मूळ सिद्धांताच्या बाजू असाव्यात, त्याला अकरा मिती, आणि नाव एम-थिअरी. तो मूळ सिद्धांत पूर्ण लिहिलेला आजही नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याचा तट समुद्रातून सगळीकडून दिसतो आणि दरवाजा अगदी जवळ गेल्याशिवाय सापडत नाही, तसं काहीसं. १९९६ मध्ये स्ट्रॉमिंजर आणि वफा यांनी काही खास कृष्णविवरांची एंट्रॉपी (आत किती वेगवेगळ्या अवस्था शक्य आहेत याचं माप) तारांच्या अवस्था मोजून काढली, ती हॉकिंगच्या सूत्राशी तंतोतंत जुळली. मला हे सर्वांत भारी वाटतं.

यात आपली माणसं बरीच आहेत. प्रयागराजला बसून काम केलेल्या अशोक सेन यांना २०१२ चं फंडामेंटल फिजिक्स प्राइझ मिळालं. अतीश दाभोलकर मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये होते आणि २०१९ मध्ये इटलीतल्या त्रिएस्ते इथल्या आयसीटीपीचे संचालक झाले. ही संस्था १९६४ मध्ये अब्दुस सलाम यांनी उभी केली, वर आलेले तेच सलाम. आणि तारेशिवाय गुरुत्वाकर्षणाला पुंज नियमांत बसवणारी जी दुसरी वाट आहे, लूप क्वांटम ग्रॅव्हिटी, तिचा पाया १९८६ मध्ये घालणारे अभय अष्टेकर शिरपूरचे. त्या वाटेत जादा मिती लागत नाहीत. सगळी बलं एक करायचा दावाही ती करत नाही.

मुलाचा बाप एकदा जाळं विणत आमचं ऐकत बसला होता. सगळं ऐकून म्हणाला, "ह्या सगळा खरा कशावरसून?"

बरोबर विचारलं. मी टेस्टर लावल्याशिवाय सेट पास करत नाही. सर्नचा कोलायडर (कण एकमेकांवर आदळवणारं यंत्र) २७ किलोमीटर घेराचा आहे, २०१२ मध्ये त्यात हिग्ज कण सापडला. तारेपर्यंत थेट पोचायला त्याच्यापेक्षा साधारण एकावर १५ शून्यं इतके पट ऊर्जा एका कणात कोंबावी लागेल. तांडेलाला कळेल असा हिशेब केला: सुमारे ५५ लिटर डिझेल जाळून जेवढी ऊर्जा मिळते तेवढी, एकाच कणात. तो हसला. "इतक्यात आमचो एक फेरो जाता." बाजूने पुरावा मिळेल म्हणून सुपरसिमेट्रीच्या (प्रत्येक ओळखीच्या कणाला एक जोडीदार असावा ही कल्पना) जोडीदार कणांकडे डोळे होते, ते अजून दिसलेले नाहीत. शिवाय सहा मिती गुंडाळायच्या तऱ्हा इतक्या, एकावर ५०० शून्यं असा आकडा सांगतात, की आपलं जग त्यातलं नेमकं कुठलं हे कुणी दाखवू शकलेलं नाही. म्हणजे सेट सुंदर आहे, आतलं वायरिंग एकमेकांशी जुळतं, पण वीज जोडून तपासलेला नाही. टीका करणारे नेमकं यावर बोट ठेवतात आणि ते चुकत नाहीत.

म्हणून पुढे वाचताना एक करा. प्रत्येक वाक्यापाशी विचारा: हे मोजलंय, की गणितात निघालंय, की लेखकाला वाटतंय? वहीत तीन रकाने पाडा. 'कंपनांनी आजार बरा' म्हणणाऱ्याला चौथा रकाना लागतो. एकजण दुकानात 'क्वांटम' कडं विकायला आला होता. मी त्याला मल्टिमीटर लावला, तो निघून गेला. पुढे जायचं असेल तर अकरावी-बारावीच्या पुस्तकातलं लाटांचं प्रकरण, मग विद्युतचुंबकत्व, मग सापेक्षता आणि पुंजयांत्रिकी, याच क्रमाने. गणित चुकवून कळेल तेवढं वर लिहिलं, त्यापुढे गणितच.

तंगूस ०.६ चाच घ्या. मी आधी ०.४ चा लावला होता, तो चार लिटरला गाठीपाशी तुटला आणि कॅन माझ्या अंगठ्यावर आला. कॅनखाली गोणपाट घालून ठेवा.